हायवे न धरता बेळगावभोवतीची चार दिवसांची फेरी: नव्या मोटरसायकलवाल्यांसाठी

पुणे-बंगळूर हायवे बेळगावच्या अंगाला लागून जातो, त्यामुळे इथला गाडी घेतलेला प्रत्येक पोरगा पहिली लांबची चक्कर त्याच्यावरच मारतो. एका दमात निपाणी, दुसऱ्या दमात कोल्हापूर आणि संध्याकाळी घरी. काय बघितलं म्हणून विचारलं तर ढाबा आणि ट्रकांच्या पाठी. हायवेवर वेळ वाचतो हे खरं, पण फिरायलाच निघालेल्या माणसाने वाचवलेल्या वेळेचं करायचं काय? टू-व्हीलरला राष्ट्रीय महामार्गावर टोलही नसतो, म्हणजे हायवे धरण्या-सोडण्यात पैशाचा हिशेबही नाही. प्रश्न फक्त दिवस कसा घालवायचा एवढाच.

बेळगावातून निघून चंदगड, तिलारी, साखळी, चोर्ला, खानापूर, कित्तूर, सौंदत्ती, गोकाक करत परत बेळगाव, अशी फेरी इथे मांडली आहे. थोडा महाराष्ट्र लागतो, थोडा गोवा, बाकी सगळा बेळगाव जिल्हा. पहिल्यांदाच लांब जाणाऱ्याला झेपेल अशी आहे, पण त्यासाठी आखणी आधी घरी बसून करायला लागते.

आधी नदी धरा, मग रस्ता

हायवे टाळायचा म्हटलं की लोक नकाशा उघडतात आणि बारीक रेघांच्या जाळ्यात हरवून बसतात. त्यापेक्षा एक नदी धरा. या भागात दोन नद्यांवर सगळं काम भागतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, खानापुरावरून वाहते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाला धरणात अडते. घटप्रभा चंदगडच्या डोंगरात उगवते, हिडकल धरणातून पुढे येते आणि गोकाकला कड्यावरून खाली पडते. नदीकाठाने जुनी गावं असतात, गावं जोडणारे जुने रस्ते असतात, बाजार असतो, देऊळ असतं, चहाची टपरी असते. हायवेला या कशाशी देणंघेणं नसतं.

आपली फेरी घटप्रभेच्या डोंगरात सुरू होते, मधले दोन दिवस मलप्रभेच्या सोबतीने जातात आणि शेवटच्या दिवशी परत घटप्रभेवर येते. हे एवढं डोक्यात पक्कं असलं की वाट चुकली तरी आपण साधारण कुठे आहोत ते कळतं. सह्याद्रीच्या माथ्यावरचं पाणी पूर्वेला वाहतं. प्रवाह जिकडे जातो तिकडे मैदान, जिकडून येतो तिकडे घाट.

किलोमीटर मोजू नका, उजेड मोजा

नवीन माणूस इथेच फसतो. हायवेवर तासाला साठ-सत्तर पडतात म्हणून तो आतल्या रस्त्याचाही तोच हिशेब धरतो. आतल्या रस्त्यावर थांबे, गावं, म्हशी, हंप आणि खड्डे धरून तासाला तीस-पस्तीस पडले तर चांगलं समजा. घाटात त्याहून कमी. म्हणजे दिवसाला सव्वाशे-दीडशे किलोमीटर भरपूर झाले. कागदावर ते फार थोडे वाटतात, पण देऊळ, किल्ला, जेवण धरलं की दिवस भरतो.

डिसेंबरात इथे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जंगलात त्याच्या आधीच अंधारतं. म्हणून उलटं मोजत यायचं. मुक्कामाला पाचपर्यंत पोचायचं, मग दुपारच्या जेवणाला कुठे असायला पाहिजे, मग सकाळी किती वाजता निघायचं. सकाळी सातला गाडी बाहेर काढणं जमत नसेल तर एक गाव कमी करा. रात्री गाडी मारून भरून काढू, हा विचार मनातही आणू नका.

मुक्कामाचं गाव आधी ठरवायचं, वाटेतलं सगळं नंतर बसवायचं. लॉजला फोन करून खोली आहे का आणि गाडी आत लावायला जागा आहे का, दोन्ही विचारा. दुसरा प्रश्न लोक विसरतात.

कोणत्या महिन्यात

दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत. खानापूर-चंदगड पट्ट्यात भाताची कापणी चाललेली असते, घाट अजून हिरवा असतो आणि सौंदत्तीचं ऊन सोसवतं. मात्र गोकाकचा धबधबा भरलेला बघायचा असेल तर ऑक्टोबर गाठा. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा कडा दिसतो.

पावसाळ्यात ही फेरी करू नका. कणकुंबी-आंबोलीकडे धुकं एवढं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसतो. दुसरी अडचण पुलांची. घटप्रभा, ताम्रपर्णी, वेदगंगा, दूधगंगा या सगळ्या नद्यांवर कमी उंचीचे पूल आणि कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. जुलैत पाणी चढलं की निपाणी-चिकोडी भागातले कल्लोळ-यडूरसारखे बंधारे पाण्याखाली जातात. मोबाईलवरच्या नकाशाला ते कळायला वेळ लागतो. तो तुम्हाला थेट पाण्याच्या काठावर नेऊन उभा करतो. खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांवर त्या दिवसांत वनखातं बंदीही घालतं.

एप्रिल-मे मध्ये ऊन तर आहेच, शिवाय दुपारनंतर वळीव. ढग भरून आले की अर्ध्या तासात वारं, विजा, कधी गारा. तेव्हा झाडाखाली न थांबता शाळेचा व्हरांडा किंवा बसथांबा गाठायचा.

तारखाही बघा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा स्थापनादिन म्हणजे राज्योत्सव आणि दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. त्या दिवसांत कोगनोळी, शिनोळीकडच्या सीमेवर बंदोबस्त असतो, कधी बसगाड्याही थांबतात. दुसऱ्या राज्याची नंबरप्लेट घेऊन त्या गर्दीत शिरायचं काही कारण नाही. सौंदत्तीच्या यल्लम्माला पौर्णिमेला, त्यातही माघी पौर्णिमेला, लाखांनी लोक येतात. दर्शनालाच निघाला असाल तर जरूर जा, पण मग गाडी लावायला जागा मिळेल ही आशा सोडा. कित्तूरचा उत्सव २३ ऑक्टोबरपासून असतो, तेव्हाही तसंच.

नकाशा कसा वापरायचा

मोबाईलच्या नकाशात ‘हायवे टाळा’ असा पर्याय असतो. तो लावला की काम झालं असं वाटतं, पण तो मोठा रस्ता टाळायच्या नादात तुम्हाला उसाच्या फडातल्या बांधावर घालतो. त्यापेक्षा मधली सात-आठ गावं थांबे म्हणून आपणच टाकायची आणि रस्ता त्यांच्यावरून ओढून घ्यायचा. मग उपग्रहाचं चित्र लावून अवघड वाटणारा तुकडा बोटाने मोठा करून बघायचा: डांबर आहे की तांबडी माती, नदीवर पूल आहे की नुसता बंधारा. चोर्ल्याच्या आणि तिलारीच्या पट्ट्यात रेंज जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. गावांची नावं एका कागदावर लिहून टाकीवर चिकटवलीत तर अजून बरं. त्याला चार्जिंग लागत नाही.

रस्त्यावर आल्यावर किलोमीटरच्या दगडांचा रंग बघत चला. वर पिवळा रंग असला की राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला की राज्य महामार्ग, काळा किंवा निळा असला की जिल्ह्याचा रस्ता, केशरी असला की गावरस्ता. आपल्याला हिरवा, काळा आणि केशरी चालतो. पिवळा सारखा दिसायला लागला की समजायचं, नकाशाने आपल्याला परत हायवेकडे ढकललंय.

आणि तरी माणसाला विचाराच. त्यातही बसच्या ड्रायव्हरला, कारण पावसाने रस्ता कुठे उखडलाय ते त्याला पाठ असतं. जिथे रोजची बस जाते तिथे तुमची गाडी जाते, हा नियम मी कधी मोडत नाही. चंदगडकडे ‘मामा’ म्हणून हाक मारली की काम होतं, बैलहोंगलकडे ‘अण्णा’ म्हणा. तिकडे कन्नडात उत्तर आलं तर बलक्के म्हणजे उजवीकडे, एडक्के म्हणजे डावीकडे आणि मुंदे म्हणजे पुढे, एवढं पुरतं. सौंदत्तीच्या डोंगरावर तर दुकानदार स्वतःहून मराठीत बोलतात. महाराष्ट्रातली भक्तमंडळी पिढ्यान्पिढ्या तिथे येतात.

गाडी आणि सामान

या फेरीला मोठी गाडी लागत नाही. शंभर-सव्वाशे सीसीची साधी गाडी घाट चढते, तेल कमी पिते, आणि बिघडली तर तिचा पार्ट नंदगडातही मिळतो. भारी गाडीचा क्लच गेला तर ती टेम्पोत घालून बेळगावलाच आणायला लागते. ज्याच्याकडे जे आहे त्यावर निघावं.

निघायच्या आधी आठवडाभर गाडी मेस्त्रीकडे दाखवा. आदल्या दिवशी नको. नवीन बसवलेली वस्तू चार दिवस गावात चालवून बघायला लागते. ब्रेक शू, ऑइल, चेन, टायर आणि क्लचची केबल एवढं तपासून घ्या. चेन किती ढिली आहे ते स्वतः बघायला शिका. गाडी न्यूट्रलमध्ये घालून मधल्या स्टँडवर लावायची, खालच्या बाजूच्या चेनला मधोमध बोट लावून वर-खाली करायची. दोन ते तीन सेंटिमीटर हालली तर ठीक. मग मागचं चाक थोडं फिरवून परत तेच करायचं, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी लोंबत असेल तर ती आवळून उपयोग नाही, बदलायची वेळ आली. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. सामान आणि मागे माणूस बसवल्यावर चेन आणखी ताणते, म्हणून फार घट्ट ठेवू नये.

सोबत प्लग आणि प्लगपाना, क्लच-ॲक्सिलरेटरच्या केबली, फ्यूज, चेनची एक कडी, दहा-बारा-चौदाचे पाने. टायर ट्यूबलेस असेल तर पंक्चरच्या वाती आणि छोटा पंप, नसेल तर एक ट्यूब. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची.

सामानाचं एकच सांगतो: पाठीवर बॅग नको. दुपारपर्यंत खांदे बोलायला लागतात. मागच्या सीटवर बॅग आडवी टाकून दोन हुकांच्या रबराने फुलीसारखी बांधा, रबराचं लोंबतं टोक चाकात जाणार नाही ते बघा, आणि बॅगेवर ताडपत्रीचा तुकडा. पावसाळा नसला तरी सकाळच्या दवाने कपडे ओले होतात.

हेल्मेट पूर्ण तोंडाचं आणि आयएसआय शिक्क्याचं, मागे बसणाऱ्यालाही. टोपीसारखं अर्धं हेल्मेट पोलिसांना दाखवायला बरं, डोक्याला नाही.

लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी, चारही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात, पण रेंज नसलेल्या नाक्यावर छापील प्रत हातात असली की वाद होत नाही. आणि गोव्यातून येताना बाटली आणू नका. कणकुंबीच्या नाक्यावर तपासणी होते, आणि परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणणं हा गुन्हा आहे. स्वस्त बाटलीपायी गाडी अडकते.

पेट्रोल गोव्यात दोन्ही राज्यांपेक्षा स्वस्त असतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी साखळीला टाकी भरा. एरवी टाकी अर्धी झाली की भरायची सवय ठेवा. जंगलात पुढे पंप मिळेल या भरवशावर राहायचं नाही.

पहिला दिवस: चंदगड आणि तिलारी

हिंडलगा, सुळगा, बाची करत वीसेक किलोमीटरवर शिनोळी आणि महाराष्ट्र सुरू. हा जुना बेळगाव-वेंगुर्ला रस्ता. सकाळी भाजी-मासळीच्या गाड्यांची ये-जा असते, त्यांना वाट द्या आणि पुढे पाटणे फाट्यावर पहिला चहा घ्या. हलकर्णी फाटा, नागणवाडीवरून चंदगड. काजूचे कारखाने दिसायला लागले की चंदगड आलं.

तिथून हेरे. हेऱ्याहून पारगडचा फाटा आहे आणि हातात दोन-तीन तास असतील तर जरूर वळा. शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये हा किल्ला बांधला आणि तानाजी मालुसऱ्यांचे वंशज आजही तिथे राहतात. गडावरून खाली कोकण आणि गोवा पसरलेला दिसतो. रस्ता अरुंद आहे, समोरून जीप आली तर कोणाला तरी मागे घ्यायला लागतं, आणि तो कोणी म्हणजे आपण.

तिलारीनगरवरून घाट उतरतो आणि तो सोपा नाही. अंतर फार नाही, पण उतार कडक आहे आणि वळणं एकावर एक येतात. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे पहिला किंवा दुसरा. क्लच दाबून गाडी सोडायची नाही, इंजिन बंद करून तर अजिबात नाही. ब्रेक धरून ठेवला की ड्रम तापतो आणि नेमका वळणावर दगा देतो. थोडा दाबायचा, सोडायचा, परत दाबायचा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. अर्ध्यावर थांबून ब्रेक थंड होऊ द्या, तेवढीच दरी बघून होते.

मागे माणूस, भरपूर सामान आणि शंभर सीसीची गाडी असा मामला असेल तर तिलारी सोडा. नागणवाडीवरून सरळ आंबोली गाठा आणि तो रुंद घाट उतरून सावंतवाडीला जा. पुढे बांद्यापर्यंत थोडा मुंबई-गोवा हायवे लागतो, तेवढा सोसायचा. शनिवार-रविवार आंबोली टाळा. तिथे रस्त्यापेक्षा माणसं जास्त असतात.

खाली भेडशी, दोडामार्ग, डिचोली आणि मुक्काम साखळीला. तिलारी-दोडामार्ग पट्ट्यात २००२ च्या सुमारापासून रानटी हत्तींचा वावर आहे. गावात ‘हत्ती आलाय’ असं कोणी सांगितलं तर पुढे जाऊन फोटो काढायचा नाही.

दुसरा दिवस: चोर्ला आणि मलप्रभेचा उगम

अंतर शंभराच्या आत, त्यामुळे घाई नाही. केरीला अंजुणे धरण उजेडात बघा आणि मग चोर्ला चढा. हा घाट तिलारीसारखा अंगावर येत नाही. लांब वळणं, दाट झाडी. पण बेळगाव-गोव्याची बरीचशी गाड्यांची ये-जा याच रस्त्यावरून होते, आणि काही चारचाकीवाले वळणावर आपली बाजू सोडून येतात. डाव्या कडेला राहा, पण अगदी कडेवरही नको. डांबर संपतं तिथे जांभ्याची माती वितभर खाली असते आणि चाक एकदा उतरलं की परत वर येताना गाडी फिरते.

कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि शेजारी मलप्रभेचा उगम. एका कुंडातून निघणारं हे पाणी उद्या संध्याकाळी सौंदत्तीला समुद्रासारखं पसरलेलं दिसणार आहे, तेव्हा इथे दहा मिनिटं थांबायला हरकत नाही.

कणकुंबी ते जांबोटी भीमगड अभयारण्याचा शेजार. २०११ मध्ये अभयारण्य जाहीर झालं; बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांसाठी त्याचं नाव अभ्यासकांत आहे, पण आपल्याला रस्त्यावर भेटणार तो गवा. गवा दिसला की लांबच थांबायचं. हॉर्न नाही, ॲक्सिलरेटर पिळून आवाज नाही, दिवा डिप करायचा. एक गेला म्हणून लगेच निघायचं नाही, कळप असेल तर मागून आणखी येतात. वासरू मागे राहिलं असेल आणि तुम्ही मध्ये घुसलात तर आई गाडी बघत नाही. संध्याकाळी पाचनंतर आणि पहाटे हे जास्त, म्हणून हा तुकडा भर दिवसा काढायचा. आतल्या हेम्मडगा-गवाळीच्या रस्त्यांचा मोह नवख्याने करू नये.

थंडीत सकाळी धुकं मिळालं तर व्हिझर दोन बोटं उघडा ठेवा म्हणजे आतून वाफ धरत नाही, हेडलाइट डिपवर ठेवा (वरच्या दिव्याने समोर पांढरी भिंत उभी राहते) आणि डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून चला. पट्टीही दिसत नसेल तर रस्त्यावर न थांबता टपरीपाशी आत घेऊन थांबा.

जांबोटीवरून खानापूर. वाटेत हब्बनहट्टीला नदीकाठी मारुती आहे. खानापुरात मुक्काम करा किंवा घर जवळ म्हणून बेळगावला जाऊन झोपा, पण एकदा घरी गेलं की सकाळी परत निघायचा कंटाळा येतो.

तिसरा दिवस: जंगलातून काळ्या रानात

मला या फेरीतला हाच दिवस सगळ्यात आवडतो, आणि फिरणारे लोक नेमका हाच सोडून देतात. खानापूरहून नंदगड. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये इथे फाशी दिलं. त्याच्या समाधीवरच्या वडाला लोक नवसाचे पाळणे बांधतात. तिथून हलशी जवळच आहे. कदंब राजघराण्याची ही जुनी राजधानी आज शांत खेडं आहे, आणि भूवराह नरसिंहाच्या १२ व्या शतकातल्या देवळात दोन गाभारे एकमेकांसमोर आहेत. पायऱ्यापायऱ्यांचं कदंब शिखर बघायला याहून चांगली जागा या भागात नाही. सकाळी दहाच्या आत पोचलात तर देवळात तुम्ही आणि पुजारी, बस्स.

बिडीवरून कित्तूर. इथे हायवे ओलांडायचा आहे, धरायचा नाही. ओलांडतानाही घाई नको. नव्वदच्या वेगाने येणाऱ्या ट्रकचा अंदाज आतल्या रस्त्यावरून आलेल्या डोळ्याला पटकन येत नाही. १८२४ मध्ये राणी चन्नम्माने इंग्रजांचा पराभव केला तो हा किल्ला. जवळच देगावचं कमलनारायणाचं देऊळ, कदंबांच्या कमलादेवी राणीचं. वेळ कमी असेल तर किल्ला घाईत बघा, देऊळ नको.

कित्तूर सोडून बैलहोंगलकडे लागलात की तासाभरात सगळं बदलतं. तांबडी माती जाऊन काळी येते, भात जाऊन ज्वारी, हरभरा, कापूस येतो, झाडं विरळ होतात आणि आभाळ मोठं होतं. घाटमाथ्यावरचा पाऊस इथवर येईपर्यंत संपलेला असतो. रस्ता सरळ असतो आणि इथेच माणूस वेग वाढवतो. वाढवू नका. ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला काळा चिखल डांबरावर आणलेला असतो आणि सकाळच्या दवात तो साबणासारखा होतो. सुगीत लोक पीकही रस्त्यावरच मळणीला पसरतात. त्यावरून जायचंच झालं तर ब्रेक न लावता, हँडल सरळ ठेवून, हळू.

सोगलचा धबधबा आणि सोमेश्वराचं देऊळ वाटेवरून थोडं आत आहे. दुपारचं जेवण खानावळीत: ज्वारीची भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, ताक. पोट भरून खाल्लंत तर अर्धा तास आडवे व्हा. सरळ रस्ता आणि दुपारचं ऊन मिळून डोळा लागतो.

सौंदत्तीला यल्लम्माचं दर्शन, संध्याकाळी नविलुतीर्थाचा जलाशय. काल कणकुंबीला पाहिलेलं पाणी ते हेच.

चौथा दिवस: गोकाक आणि परत

यरगट्टीवरून गोकाक. हा उसाचा पट्टा आहे आणि कारखाने सुरू झाल्यापासून मार्चपर्यंत रस्ता ट्रॅक्टरांचा असतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर लोंबणारा ऊस, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. ओव्हरटेक करताना समोरचा रस्ता दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मिळून मोजा. पहिली ट्रॉली गेली म्हणून आत घुसायला गेलात तर मध्ये जागाच नसते. ट्रॅक्टरवर गाणी जोरात असतात, हॉर्न ऐकू जाईल असं धरू नका. अंधार पडल्यावर हा रस्ता दिवसाच्या दुप्पट धोक्याचा.

गोकाकच्या धबधब्यावर घटप्रभा सुमारे ५२ मीटर, म्हणजे १७० फूट खाली पडते. शेजारी जुनी सूतगिरणी आणि झुलता पूल. कड्याच्या टोकाशी खडक गुळगुळीत आहे, तिथे रायडिंगचे बूट घसरतात. करदंट (गोकाकची सुकामेव्याची मिठाई) घ्यायचं ते गावातून घ्या आणि बॅगेत तळाशी ठेवू नका.

परतताना गोडचिनमलकीचा धबधबा घ्या, तो मार्कंडेय नदीवर आहे. मग अंकलगी, सुळेभावी, कणबर्गी करत बेळगावात शिरा. या वाटेने हायवे न धरता थेट शहरात येता येतं. चारच्या सुमाराला गोडचिनमलकी सोडलंत तर उसाच्या गाड्यांची रात्रीची रांग लागायच्या आत घरी पोचता.

दोन-तीन गाड्या मिळून जाणार असाल तर सगळ्यात नवखा मधे, रस्ता माहीत असलेला पुढे, आणि हत्यारं-पंक्चरचं सामान सगळ्यात मागच्याकडे. बंद पडलेल्या गाडीपाशी तोच आधी पोचतो. मागचा आरशात दिसेनासा झाला की पुढच्याने पुढच्या फाट्यावर थांबायचं, फोन करत बसायचं नाही. मदतीसाठी तिन्ही राज्यांत ११२ आणि ॲम्ब्युलन्सला १०८. दोन्ही नंबर मोबाईलमध्ये नको, लायसनच्या मागे चिठ्ठीवर लिहा, खाली घरच्यांचा नंबर आणि रक्तगट.